कच्चा टाका

सक्करदरा, नागपूर
२ मे १९५५

कडी पुन्हा वाजली. बाबा शेडच्या दाराशी उभे आहेत. वाजवतात, थांबतात, आतून कोणी उघडेल अशी वाट पाहतात आणि पुन्हा वाजवतात. कुलूप बाहेरून आहे. किल्ली माझ्या कमरेला आहे आणि ते त्यांना ठाऊक आहे. मी ओसरीवर बसून लिहिते आहे, म्हणजे लिहिताना मी त्यांना दिसेन.

चंपतराव भाऊजी, नमस्कार राहिला. तो आधी घ्या. तुमची तार मिळाली. रजा मिळत नाही हे कळलं. मी रागावलेली नाही.

खुशाली लिहायची पद्धत आहे. ऊन फार आहे. तलाव बराच आटला, मधल्या चिखलात म्हशी बसतात. शाळेला सुटी लागली, त्यामुळे पोरींच्या पाट्या तपासायच्या नाहीत आणि दिवस मोठा होतो. माझे सासरे, म्हणजे तुमचेही बाबाच, तसे बरे आहेत. जेवण कमी आहे. मागावर बसत नाहीत. अर्धं विणलेलं लुगडं मागावर तसंच आहे. ताण्याला लावलेली खळ उन्हानं कडक झाली आणि धागे आपोआप तुटू लागले आहेत. नरखेडहून ट्रंक घेऊन तुम्ही शिकायला या घरात आलात तेव्हापासून इथला माग गप्प असलेला तुम्ही कधी ऐकला नसेल.

आजवर मी नवऱ्याचं नाव कागदावर लिहिलं नव्हतं. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आम्हाला शिकवलेलं. आता हरकत नाही. मनोहर.

मनोहरचं कसं झालं ते तारेत मावलं नाही. लिहिते.

उमरेड रस्त्यापलीकडची धावपट्टी तुम्ही पाहिली आहे. युद्धात बांधली आणि मग सोडून दिली. तिथे गुरं चरतात. मनोहरनं गाडी पळवून पाहायला नेली त्या दिवशी गुराख्याला सांगून गुरं बाजूला केली. बाबा आणि मी बाभळीखाली उभे होतो. गाडीच्या नळ्यांवर ताणलेलं, तेल पिऊन वाळलेलं कापड उन्हात मधाच्या रंगाचं दिसत होतं. तुम्ही आणि मनोहरनं काढलेला तो आकार त्या दिवशी पहिल्यांदा मला सुंदर वाटला. नाक जमिनीशी, पाठ फुगलेली, शेपूट निमुळती. वस्तीत तिला मासोळी म्हणत. निघताना भैयाजी पानवाल्यानं विचारलंच, "नत्थूजी, गाडीले धोतर नेसवलं का गा?" बाबा म्हणाले, "धोतर नाई, लुगडं हाय. नजर खाली ठेव." सगळ्यांत मोठ्यानं मनोहर हसला.

पहिली फेरी वाऱ्याबरोबर होती. गाडी नीट गेली. आमच्याजवळून जाताना मनोहरनं हात वर केला. परत येताना वारा समोरून होता. वाऱ्याचं मुद्दाम लिहिते, तुम्ही विचाराल म्हणून. तो एकदम वाढला, पट्टीवरची धूळ आमच्या तोंडावर आली आणि गाडीचं नाक वर झालं. झटक्यानं नाही. हनुवटीखाली बोट घालून मुलाचं तोंड वर करतात तसं. पुढच्या चाकांखालून मला पलीकडचं गवत दिसलं. मनोहर स्टिअरिंग फिरवत होता, त्याचे खांदे दिसत होते. चाकं वळत होती, गाडी वळत नव्हती. ती डावीकडे सरकत गेली आणि मुरमाच्या बांधावर आदळली.

दवाखान्यात न्यायला बैलगाडी मिळाली. घाई करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

आदळताना डाव्या कुशीचं कापड फाटलं. बाबा धावत पोचले तेव्हा त्यांना आधी ती लोंबणारी चिंधी दिसली. मनोहर नंतर दिसला. तेव्हापासून त्यांनी एकच धरलं आहे. कापड फाटलं, त्यात वारा शिरला, गाडी उचलली गेली. त्यांनी विणलेलं कापड. मागाच्या फणीत दाटीनं भरलेली, दुहेरी सुताची दुसुती, जवसाचं तेल पाजलेली. वस्तीतही तेच बोलतात. तेरवीला जेवून गेलेला एक जण चपला घालता घालता म्हणाला, "कापडाची गाडी. फाटन नाही तं काय." बाबा दाराआड उभे होते. विणणाऱ्याला याहून वाईट काही म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी ते मागावर बसले नाहीत.

त्यांना शेडमध्ये जाऊन मोडकी गाडी पाहायची आहे. "मले पाहू दे वं. कुठून सुटलं ते पाहू दे." मी म्हणते, चंपतरावांना विचारलं आहे, त्यांचं उत्तर आलं की उघडू. तुमच्या नावावर ते थांबतात. "त्याले विचार," म्हणतात. "तो विमानं बनवते. त्याले ठाव असन."

तेव्हा विचारते. कापड फाटलं म्हणून गाडी उचलली गेली, की गाडी उचलली गेली आणि मग आपटून कापड फाटलं? मी पाहिलं त्यावरून मला दुसरं वाटतं. पण मला वाटून काय. बाबांना तुमच्याकडून हवं आहे. कापडाचा दोष नव्हता, एवढं एक वाक्य. खरं नसलं तरी लिहा, असं लिहिणार होते. तसं करू नका. असेल ते लिहा. फक्त लवकर लिहा. माग असाच बंद राहिला तर हा माणूस पावसाळा काढणार नाही.

आणखी एक. गेल्या दिवाळीत तुम्ही आणि मनोहर शेडमध्ये भांडलात आणि तुम्ही न जेवता स्टेशनवर गेलात. तुमचं ताट वाढलेलं होतं. कशावरून भांडलात ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. तुम्ही सांगाल का?

कडी थांबली. बाबा तलावाकडे निघाले आहेत. मागे जाते.

प्रेमिला


बंगलोर
८ मे १९५५

प्रेमिलावहिनी,

पाकिटावर तुमच्या नावाआधी काय लिहायचं ते ठरेना. सौ. लिहायची सवय. दुसरं लिहवेना. जागा कोरी सोडली आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी. कापड फाटल्यानं गाडी उचलली गेली नाही. तिचा आकार तिला उचलत होता.

मनोहरनं आणि मी एकच गोष्ट धरली होती. हवा अडली की गाडी अडते. हवा घसरून गेली तर लहान इंजिनवरही गाडी पळेल. म्हणून पाठ फुगीर केली, पोट सपाट केलं, नाक खाली घेतलं. विमानाचा पंख आडवा कापला तर तो असाच दिसतो. आम्ही चाकांवर पंख बांधत होतो आणि आम्हाला ते दिसलं नाही. पाठीवरून हवा वेगानं जाते, तिथला दाब उतरतो. खालचा दाब राहतो. त्या फरकानं गाडी वर ओढली जाते. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते, आणि समोरचा वारा गाडीच्या वेगात मिळतो. इंजिन मागे असल्यानं पुढची चाकं मुळातच हलकी होती. ज्या चाकावर वजन नाही ते कितीही फिरवलं तरी गाडीला वळवत नाही. तुम्ही पाहिलंत ते हेच.

हे मला दिवाळीआधी कळलं होतं. इथे मी लाकडाचा लहान नमुना करून जोराच्या वाऱ्यात धरून पाहिला. नमुन्याचं नाक वर होत होतं. तेच सांगायला आलो होतो. मनोहर म्हणाला, तू विमानं करतोस, तुला आता सगळं उडतानाच दिसणार. मी म्हणालो, आणि तुला काहीच दिसत नाही. भांडण तेवढं होतं.

परत आल्यावर मी त्याला थांब असं लिहायला हवं होतं. मी उपाय लिहिला. ती धावलेली मलाही पाहायची होती.

उपाय असा. नाक वर झालं की हवा पोटाखाली साचते आणि नाक आणखी वर ढकलते. म्हणून मी लिहिलं, पोटाचं कापड पक्कं शिवू नकोस. कच्च्या टाक्यानं धर. एकेरी धागा, लांब टाका. हवा साचली की धागा तुटेल, कापड सुटून पडेल, हवा आत शिरून मागच्या जाळीतून निघून जाईल आणि गाडी खाली बसेल. त्याचं उत्तर एका कार्डावर आलं. तुझ्या म्हणण्याप्रमाणे कच्चं शिवलं आहे, घरी कोणाला सांगत नाही, उगीच घाबरतील.

आता मला तुमच्याकडून एक हवं आहे. शेड उघडा आणि पोटाखाली पाहा. कापड सुटलं आहे का? सुटलं असेल आणि तरीही गाडी बसली नसेल, तर माझं गणित चुकलं. मी त्याला खोटा धीर दिला आणि त्या धीरावर तो बसला. इथे मला रोज गणितच करायचं असतं. तार आल्यापासून पेन्सिल धरवत नाही. काल वरिष्ठांनी विचारलं, बरं नाही का. हो म्हणालो. कापड सुटलं नसेल, तर ते का सुटलं नाही ते मला कळायला हवं.

महिनाअखेर रजा मिळेल असं दिसतं. येतो. बाबांपुढे बसून दिवाळीपासूनचं सगळं सांगतो. मनोहरच्या पाटाशेजारी त्यांनी माझा पाट मांडला. त्यांना ते माझ्या तोंडून कळावं.

चंपत

ता. क. हे पत्र बाबांना वाचून दाखवू नका. मी येईपर्यंत थांबा.


सक्करदरा, नागपूर
१५ मे १९५५

चंपतराव भाऊजी,

पत्र मिळालं. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर असं. पोटाचं कापड सुटलेलं होतं. धागा तुटला होता. उपायाचा उपयोग झाला नाही. आता यात पाहण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा रजा घेऊन येण्याचे कष्ट करू नका.

इकडे ऊन तसंच आहे. शेजारच्या रुखमाबाईंनी कैऱ्या पाठवल्या. लोणचं घातलं. मनोहरच्या वाटणीचं तिखट आपोआप हातून पडलं, बाबांना ते सोसणार नाही, म्हणून पुन्हा कैऱ्या आणून वाढवलं. आता बरणी फार मोठी झाली आहे. खाणारं कोणी नाही.

रात्री डाकेची विमानं येतात, ती येतच आहेत. चार दिशांनी येऊन सोनेगावला उतरतात आणि पुन्हा जातात. मनोहर आवाजावरून सांगायचा, हे कलकत्त्याचं, हे मद्रासचं. आता नुसता आवाज येतो. जे उडण्यासाठी केलेलं आहे ते रोज नीट खाली उतरतं.

तुमचं पत्र पोस्टमननं बाबांच्याच हातात दिलं. त्यांना वाचता येत नाही, पण बंगलोरचं पाकीट ते ओळखतात. चुलीपाशी येऊन माझ्यासमोर बसले.

"वाच."

"पीठ मळते आहे. हात धुते."

"धू न. मी कुठी जाऊन नाही राहिलो."

आधी स्वतः वाचावं, मग त्यांना वाचून दाखवावं, इतका वेळ मिळाला नाही. ता. क. शेवटी असतं.

कापड फाटल्यानं गाडी उचलली गेली नाही, हे वाचलं. "पुन्हा," ते म्हणाले. पुन्हा वाचलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला. पंखाचं वाचलं, दाबाचं वाचलं, वाऱ्याचं वाचलं. ते मान हलवत होते. दिवाळीचं वाचलं तेव्हा मान थांबली. उपाय असा, इथवर मी आले आणि पुढची ओळ डोळ्यांना दिसली.

"थांबली काहून वं?"

"अक्षर लागत नाही."

"चंपतचं अक्षर तुले लागत नाही? पोरींले काय शिकवते मग?"

"घाईत लिहिलं आहे."

"उपाय काय म्हनते तो? उपाय होता तं मनोहरनं केला काहून नाही?"

"उपाय नव्हता," मी म्हटलं. "काही उपाय नव्हता, असं लिहिलं आहे."

पुढचं सगळं मी मनानं रचून वाचलं. तुमच्या नावानं मीच बोलले. तुम्हाला मनोहरची फार आठवण येते म्हणाले. मग काही सुचेना, म्हणून नरखेडला संत्र्यांचा बहर चांगला धरला आहे म्हणाले.

"येवढ्या घाईत त्यानं संत्र्याचं लेहलं?"

"हो."

"लेकाचा," म्हणाले, आणि टोपी घालून उठले. बाहेर गेल्यावर त्यांनी कडी वाजवली. एकदाच.

मी का थांबले ते लिहायला हवं.

गाडी नेण्याच्या आदल्या संध्याकाळी मनोहर पेट्रोल आणायला गेला होता. बाबा गाडीखाली उताणे पडलेले होते, फक्त पाय बाहेर. मी चहाचा कप त्यांच्या हाताशी सरकवला. खालून म्हणाले, "लेकाच्यानं कच्चाच टाका ठेवला वं. येवढ्या कापडाले. उद्या कोनी वाकून पाहिलं तं काय म्हनन? नत्थूच्या घरी दोरा नव्हता?" मी हसले. त्या टाक्याचा अर्थ मला माहीत नव्हता. त्यांनाही नव्हता. ज्याला माहीत होता त्यानं आम्ही घाबरू नये म्हणून सांगितला नाही. सकाळी त्यानं पाठ पाहिली, चाकं पाहिली, इंजिन पाहिलं. पोट त्यानं स्वतः शिवलेलं होतं. ते कशाला पाहील?

पत्र वाचल्याच्या दुपारी बाबा आडवे झाले तेव्हा शेड उघडली.

या पत्रात सुरुवातीला लिहिलं आहे ते खोटं आहे. पोटाचं कापड सुटलेलं नाही.

गाडी एका कुशीवर कललेली आहे. वाकून पुरलं नाही, म्हणून बाबा झोपले होते तशी खाली झोपले. कुशीचं कापड फाटलं आहे, नाक चेपलं आहे, नळ्या वाकल्या आहेत. पोटाला काही झालेलं नाही. ते ताणलेलं आहे. टिचकी मारली तर वाजतं. कडेनं दुपदरी दोरा आहे, मेण लावलेला. टाके लहान, एकसारखे, आणि थोड्या थोड्या अंतरावर गाठ. ती गाठ या घरात फक्त बाबा मारतात, लुगड्याच्या पदराला. एका कोपऱ्यात त्यांच्या टाक्यांखाली मनोहरचा लांब एकेरी धागा राहून गेला होता. मी तो बोटानं ओढला. लगेच तुटला.

तुमचं गणित बरोबर होतं.

बाबांचा हात जरा वाईट असता तरी चाललं असतं. घाईत घातलेला एखादा टाका, बिनमेणाचा दोरा, काहीही. वस्तीतल्या कोणी दुसऱ्यानं शिवलं असतं तरी ते सुटलं असतं. मी खाली पडून ते टाके पाहत राहिले. चूक शोधत होते. एकही सापडली नाही.

येताना कात्री नेली होती. शिवण कापून टाकावी, म्हणजे सुटल्यासारखी दिसेल, असं मनात होतं. पण मग बाबांना आपली शिवण उसवलेली दिसेल आणि ते पुन्हा तिथेच जातील, माझ्या हातचं टिकलं नाही म्हणून. शिवण तशीच ठेवली तर ते ती शाबूत पाहतील आणि त्यांना बरं वाटेल. पण मग महिनाअखेर तुम्ही याल, समोर बसाल आणि कच्च्या टाक्याचं सांगाल. ते ऐकून घेतील. नंतर उठून कुठे जातील ते मला माहीत आहे. तलाव आटला असला तरी विहीर आटलेली नाही.

कात्री परत आणली. मला करता येण्यासारखं एवढंच होतं. बाकीचं तुमच्याकडे आहे.

म्हणून येऊ नका. ही विनंती मी वर वेगळ्या तोंडानं केली होती, आता नीट करते. तुम्हाला खोटं बोलता येत नाही. बाबा विचारतील, उपाय कोणता होता रे, आणि तुम्ही सांगाल. या वर्षी येऊ नका, पुढच्याही येऊ नका. ते आहेत तोवर येऊ नका. त्यांनी तुमच्याबद्दल काही वाईट धरलं तर धरू द्या. मी त्यांना दुरुस्त करणार नाही.

खोटं लिहून पत्र बंद करणं सोपं होतं. तसं केलं नाही, कारण तुमच्या विमानांत माणसं बसतात. तुम्हाला पेन्सिल धरता यायला हवी. तुमचं बरोबर होतं हे तुम्हाला ठाऊक असावं. इतर कोणाला ठाऊक असणार नाही.

माझं विचाराल तर मला कोणावर रागवायचं ते कळत नाही. बाबांना जेवायला वाढते. त्यांच्या हातांकडे पाहायचं नाही असं ठरवते आणि पाहते. चांगले हात आहेत. मनोहरचे तसेच होते, फक्त त्याला शिवण येत नव्हती.

उद्या सकाळी बाबांना किल्ली देणार आहे. पत्र उघडं ठेवते. जे होईल ते खाली लिहून मग पोस्टात टाकीन.

तुमच्याइतकंच ठाऊक असलेली,
प्रेमिला

१६ मे, सकाळी

किल्ली दिली. बाबा एकटे आत गेले. मी दाराशी उभी राहिले. ते गाडीखाली उताणे झाले आणि बोटानं शिवण चाचपत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेले. मग परत आले. बाहेर आले तेव्हा पाठीला धूळ होती. ती मी झटकली.

म्हणाले, "येक टाका सुटला नाही वं. जाऊन पाहय. कुशीले बांध लागला म्हनून फाटलं. माहा टाका जाग्यावर हाय."

मी म्हटलं, हो.

"चंपतले लेहून टाक. कापड शाबूत होतं म्हना. आकार त्याचाच होता. माह्या पोराले त्यानं पंखावर बसवलं. आता या घरी येऊ नको म्हना."

त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आहे. वाचून दाखव म्हणाले. तेवढंच वाचून दाखवलं.

मग भाकर मागितली. ती खाऊन तुटलेले धागे जोडायला बसले. आता माग सुरू आहे.